मुरूम: कडुनिंबाचा लेप की औषधाची ट्यूब?

नाकावरचा काळा ठिपका दोन बोटांच्या चिमटीत दाबला की आतून मेणासारखी बारीक पिवळट वळी बाहेर येते. काळं असतं ते फक्त तिचं टोक. शाळेत असताना तो मळच आहे असं समजून मी दिवसातून पाच-पाच वेळा तोंड घासायचे. पण तो मळ नसतोच. उघड्या छिद्रातून हवा लागल्यामुळे त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य काळवंडलेलं असतं, ते घासून निघणार कसं? घासण्याने चेहरा लाल मात्र झाला.

‘झाडपाला बरा की क्रीम?’ असं कुणी विचारलं की म्हणूनच मी उलट विचारते, ‘तुझ्या चेहऱ्यावर नेमकं काय आहे?’ काळे-पांढरे ठिपके, लाल पुटकुळ्या की आत ठणकणाऱ्या गाठी? उत्तर त्यावर ठरतं.

मुरूम येण्यामागे चार गोष्टी एकत्र येतात. अँड्रोजेन हॉर्मोनमुळे तैलग्रंथी जास्त तेल सोडतात. केसाच्या मुळाशी असलेल्या नळीतल्या मृत पेशी सुटून बाहेर पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटतात आणि तिथे बूच बसतं. त्या बंद, तेलकट जागेत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू वाढतो. तसा तो नितळ चेहऱ्यावरही असतो, त्यामुळे मुरूम आले म्हणजे कुणी अस्वच्छ राहतं असं नाही. चौथी गोष्ट म्हणजे दाह: लाली, सूज, पू. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आणि साखर-मैद्यासारख्या रक्तातली साखर झटकन वाढवणाऱ्या आहाराचाही काही जणांत संबंध दिसतो. ‘रक्त खराब झालंय’ या निदानाला मात्र काही आधार नाही, त्यामुळे रक्तशुद्धीचे काढे मी या तुलनेत धरलेच नाहीत.

आता एकेक कारण घेऊन दोन्ही बाजू पाहू.

बूच काढण्यात वनस्पती कमी पडतात. हळद, कडुनिंब, कोरफड यांपैकी कशानेही ते बूच भरवशाने सुटत नाही. तिथे 0.5 ते 2 टक्के सॅलिसिलिक आम्ल किंवा 0.1 टक्के ॲडापलीन (अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध) लागतं. गंमत अशी, की सॅलिसिलिक आम्लाचं नावच विलोच्या झाडावरून (लॅटिनमध्ये ‘सॅलिक्स’) पडलंय. त्या झाडाच्या सालीतलं सॅलिसिन हे त्याचं जवळचं नातेवाईक. गहू-बार्लीत सापडणारं ॲझेलेइक आम्लही ट्यूबमध्ये मिळतं. ‘नैसर्गिक विरुद्ध केमिकल’ हे भांडण म्हणूनच मला पोकळ वाटतं. खरा फरक मात्रेचा आहे. ट्यूबवर टक्केवारी छापलेली असते. वाटलेल्या पानांत कुठला घटक किती उतरला ते कुणीच सांगू शकत नाही.

जंतूंच्या बाबतीत सामना बऱ्यापैकी चुरशीचा आहे. 1990 साली ऑस्ट्रेलियात 124 रुग्णांवर 5 टक्के टी-ट्री तेलाचं (एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं तेल, चहाचं नव्हे) जेल आणि 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड हे जंतुनाशक औषध यांची तुलना झाली. मुरूम दोन्हींनी कमी झाले. टी-ट्रीचा परिणाम उशिरा दिसला, पण कोरडेपणा आणि आग होण्याच्या तक्रारीही त्यात कमी होत्या. घाई नसेल आणि त्वचा नाजूक असेल, तर हा पर्याय खरंच विचारात घेण्यासारखा आहे. मात्र ते तयार जेल होतं, बाटलीतलं शुद्ध तेल नव्हे. शुद्ध तेल थेट चेहऱ्यावर लावलं तर त्वचा पोळू शकते, आणि पोटात गेलं तर ते विषारी असतं. बाटली उघडून बरेच महिने झाले असतील तर टाकून द्या. हवा लागून जुनं झालेलं तेल ॲलर्जी जास्त करतं.

कडुनिंबाचं काय? प्रयोगशाळेत त्याचा अर्क जंतूंना रोखतो, हे खरं. पण काचेच्या बशीतला जंतू आणि तेलाने भरलेल्या नळीच्या तळाशी बसलेला जंतू यांत फार अंतर आहे. माणसांवरचे चांगले अभ्यास थोडेच आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइड घ्यायचं असेल तर 2.5 टक्क्यांचं घ्या. परिणामात ते 10 टक्क्यांच्या फारसं मागे नसतं आणि त्याने जळजळ बरीच कमी होते. शिवाय जंतू त्याला सरावत नाहीत. अँटिबायोटिक मलम एकटंच महिनोन्महिने लावलं, तर मात्र सरावतात.

दाह शमवण्यात वनस्पतींची बाजू त्यातल्या त्यात बरी. हळदीतलं कर्क्युमिन दाह कमी करतं, फक्त ते त्वचेत नीट मुरत नाही; पिवळेपणा मात्र दोन दिवस टिकतो. कोरफडीचा गर थंडावा देतो, आणि ट्रेटिनॉइनसारख्या औषधाच्या जोडीला तो वापरल्यावर फायदा दिसल्याचा एक अभ्यासही आहे. मी स्वतः कोरफड तशीच वापरते, औषधाने सोलवटलेल्या गालांवर. पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा कडवट चीक येतो तो आधी निथळू द्या. खाज त्याचीच सुटते.

उरली हॉर्मोनं. तिथे झाडपाल्याच्या लेपाचा किंवा वर सांगितलेल्या कुठल्याही ट्यूबचा हात पोहोचत नाही. मुरूम जबड्याच्या कडेने येत असतील, पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर राठ केस दिसत असतील, तर लेप बाजूला ठेवून डॉक्टरांकडून हॉर्मोनांची तपासणी करून घ्या.

लिंबू मी यादीतूनच काढलंय. त्याचा रस चांगलाच आंबट, पीएच साधारण 2. आणि तो लावून उन्हात गेलं तर काळे चट्टे, कधी फोडही येतात. मुरूम परवडला.

निवड करताना मी अशी विभागणी करेन. नुसते काळे-पांढरे ठिपके असतील तर ॲडापलीन किंवा सॅलिसिलिक आम्ल. पाल्यात वेळ घालवू नका. गर्भवतींनी किंवा गर्भधारणेचा विचार असणाऱ्यांनी ॲडापलीन टाळावं आणि ॲझेलेइक आम्लाबद्दल डॉक्टरांना विचारावं. चार-दोन लाल पुटकुळ्या असतील तर टी-ट्री जेल पुरेल. दुखऱ्या गाठी किंवा खड्डे पडायला लागले असतील तर थेट त्वचारोगतज्ज्ञ, कारण खड्डा एकदा पडला की तो भरणं मुरमापेक्षा अवघड. आणि कपाळावर-छातीवर एकसारखे बारीक, खाजरे पुरळ असेल तर तो कदाचित मुरूमच नसेल. बुरशीचा संसर्गही तसाच दिसतो, आणि तेलं चोपडून तो वाढतो.

काहीही निवडलंत तरी आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा, आणि नंतर आठ ते बारा आठवडे द्या. आज दिसणाऱ्या मुरमाचं बूच कित्येक आठवड्यांपूर्वीच बसलेलं असतं, त्यामुळे चौथ्या दिवशी निकाल मागण्यात अर्थ नाही. उलट एखादं ‘हर्बल’ क्रीम दोन रात्रीत चेहरा स्वच्छ करत असेल तर मला शंका येते. अशा काही क्रीममध्ये न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं सापडलंय, आणि स्टेरॉइड थांबवलं की मुरूम दुपटीने उसळतात.

जाता जाता: बेंझॉइल पेरॉक्साइड लावणार असाल तर उशीचा अभ्रा पांढराच घ्या. माझ्या गडद निळ्या अभ्र्यावर गालाच्या आकाराचा फिकट नारिंगी डाग आहे. हळदीचा डाग निदान उन्हात उडतो, हा उडत नाही.