ट्रेलर ओढणाऱ्या क्रिस्टाला एलपीजी किट, वागळे इस्टेटच्या गॅरेजचा अनुभव

आधी हे कोणासाठी लिहितेय ते सांगते. ज्यांची गाडी रोज घर ते स्टेशन आणि रविवारी माहेरी एवढीच फिरते त्यांनी हे वाचून किट बसवायला धावू नका, तुमचं सीएनजीत मस्त भागतं. हे त्यांच्यासाठी ज्यांच्या गाडीच्या मागे काहीतरी जोडलेलं असतं. आमच्या मागे फूड ट्रेलर असतो, मालवणी जेवणाचा, रिकामा सहाशे किलो आणि भांडी, पाण्याचे कॅन, फ्रीजर, सिलिंडर चढवले की साडेआठशेच्या घरात. ओढायला २०१७ ची टोयोटा इनोव्हा क्रिस्टा, २.७ लिटर पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल. हो तीच, पेट्रोल पिते म्हणून सेकंडहँडला कोणी हात लावत नाही ती, म्हणून तर आम्हाला परवडली. आठवडाभर पोरांचे क्लास आणि सासूबाईंचा दवाखाना, शनिवार-रविवार प्रदर्शनं, जत्रा, कोणाची तरी हळद. ट्रेलर लावून पेट्रोलवर साडेसहाचं अ‍ॅव्हरेज पडत होतं, म्हणजे कमाई एका खिशातून दुसऱ्या खिशात न जाता थेट पंपावर.

सीएनजी का नाही, हे सगळेच विचारतात. ठाण्यात पंप भरपूर आहेत, मान्य. पण सीएनजी २०० बार प्रेशरने भरतात, त्यामुळे सिलिंडर जाड आणि जड, डिकीत आडवा पडतो आणि ते वजन येतं मागच्या चाकांच्याही मागे, जिथे आधीच ट्रेलरचा दांडा टेकलेला असतो. गाडी मागे बसते, स्टिअरिंग हलकं पडतं, नाशिक हायवेला शेजारून कंटेनर गेला की जीव मुठीत. दुसरं ताकदीचं. गॅस इंजिनात शिरताना हवेची जागा खातो, सीएनजी जरा जास्तच खातो, म्हणून त्याच्यावर दहा टक्क्यांच्या आसपास ताकद जाते, एलपीजीवर त्याहून कमी. रिकाम्या गाडीला हे जाणवणार पण नाही, मागे साडेआठशे किलो असले की घोडबंदर रोडच्या गायमुखच्या चढाला लगेच कळतं. एलपीजी म्हणजे प्रोपेन-ब्युटेन, थोड्याशा प्रेशरवर द्रव होतो, म्हणून टाकी हलकी असते आणि मेदुवड्यासारखी मध्ये भोक ठेवून गोल बनवता येते, ती सरळ स्टेपनीच्या जागी बसते.

आणि २०२५ चा नोव्हेंबर आठवतोय ना, मुख्य गॅस पाइपलाइनला इजा झाली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईत सीएनजीचे पंप पटापट बंद पडले, रिक्षावाले रात्रभर रांगेत. एलपीजी टँकरने येतो, त्याला त्या पाइपलाइनचं काही घेणंदेणं नाही. अर्थात ऑटो एलपीजीचे पंप सीएनजीच्या मानाने फारच कमी, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशीच भरून ठेवावं लागतं, आणि टाकी ८० टक्क्यांच्या वर भरतच नाही, वॉल्व्ह आपोआप बंद होतो, कारण उन्हाने द्रव फुगतो त्याला जागा ठेवावी लागते. पंपावाला कमी भरतोय असं समजून भांडू नका.

आता गॅरेज. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आहे, नाव टाकत नाहीये, खाली वाचलंत की का ते कळेल. त्याआधी दोन-तीन ठिकाणी विचारलं होतं, एका ठिकाणी सगळं धरून ४५,००० सांगितले आणि वर हळूच "ताई, गॅसची चिंता नको, घरच्या सिलिंडरमधून भरून द्यायची सोय करतो." तिथून सरळ उठले. घरगुती १४.२ किलोचा गॅस गाडीत वापरणं गुन्हा आहे आणि नळी लावून ओतताना ८० टक्क्यांवर थांबवणारं कोणी नसतं. ज्या बाईच्या ट्रेलरमध्ये १९ किलोचे कमर्शिअल सिलिंडर पावतीसकट असतात तिला हा सल्ला, म्हणजे काय बोलायचं.

वागळेवाल्यांनी ६२,००० सांगितले, इटालियन सीक्वेन्शिअल किट, टाकी, फिटिंग आणि आरटीओचं काम धरून. सीक्वेन्शिअल म्हणजे इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर, पेट्रोलच्या इंजेक्टरच्या तालावर चालणारा. गाडी पेट्रोलवर सुरू होते, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) गरम झालं की टक आवाज येऊन गॅसवर जाते, आपल्याला काही करावं लागत नाही. शिफ्ट होताना धक्का अजिबात नाही, हे खरंच छान. पोरांना तर कळलंच नाही कधी बदललं.

काउंटरवरच्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मागे ट्रेलर असतो. तो म्हणाला, "टेन्शनच नाही ताई." हे ऐकलं की माझं टेन्शन सुरू होतं.

गाडी घ्यायला गेले तेव्हा आधी खाली वाकून बघितलं. टाकी स्टेपनीच्या जागी बसवलेली, दिसायला सफाईदार, पण ब्रॅकेट एवढं खाली सोडलेलं की टाकीचा तळ टो हुकच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या हुकच्या, आडव्या पट्टीच्याही खाली आलेला, आणि पट्टी आणि टाकी यांच्यामध्ये दोन बोटं जेमतेम शिरत होती. रिकाम्या गाडीला चाललं असतं. ट्रेलर लावला की गाडीचा मागचा भाग खाली दबतो, आणि आमच्या कोलशेतच्या गल्लीतले स्पीडब्रेकर कोणी घातलेत देव जाणे, त्यावर पहिली टेकली असती ती टाकीच. मी म्हटलं ट्रेलर लावून बघूया. कंटाळा केला त्यांनी, पण शेवटी जोडला, आणि उतारावर गाडी घेतल्यावर दिसलं ते सगळ्यांनाच दिसलं. ब्रॅकेट काढून वर घेतलं, खाली जाड पत्र्याचं गार्ड टाकलं, गॅस भरायचा नोझल हुकपासून लांब बाजूला नेला. याचे पैसे घेतले नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहिते. स्टेपनी आता आत आहे, तिसरी रांग फोल्ड करून बांधलेली. ट्रेलरवाल्यांना फरक पडत नाही, सात जण फिरणाऱ्यांना पडेल.

गावात, हायवेला, रिकामी गाडी, एक नंबर. मग ट्रेलर लावून घोडबंदरला निघालो वसईच्या बाजूला, गायमुखच्या चढावर ट्रॅफिक नेहमीसारखं चिकटलेलं, दुसऱ्या गिअरमध्ये रेटत असताना गाडीने एक आचका दिला, गॅस-पेट्रोलचा स्विच पीं पीं करायला लागला आणि आपोआप पेट्रोलवर. परत गॅसवर टाकली, थोडं चढले, परत तेच. गॅरेजला फोन केला तर काउंटरवाला म्हणतो, "ताई, घाटात पेट्रोलवरच चालवायची असते." अरे बाबा, मग मी किट कशासाठी बसवलं, शोभेला? जिथे पेट्रोल सगळ्यात जास्त जळतं तिथेच गॅस चालणार नसेल तर हिशेब जुळायचा कसा.

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रेलरसकट नेऊन त्यांच्या दारात उभी केली, अर्धी गल्ली अडली, त्यामुळे आतून मोठे मिस्त्री बाहेर आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. काउंटरवाल्याचं काही न ऐकता लॅपटॉप घेऊन शेजारच्या सीटवर बसले, म्हणाले, "चला, जिथे बंद पडते तिथे न्या." नेलं. तीच जागा, तोच आचका. चढ संपल्यावर बाजूला घेतली, त्यांनी बॉनेट उघडलं आणि मला हाक मारली. बाहेर घामाच्या धारा, इंजिनवर हात ठेववत नव्हता आणि रिड्युसरवर, म्हणजे गॅसचं प्रेशर उतरवून वाफ करणाऱ्या डब्यावर, पांढरा बर्फ. खराखुरा बर्फ, बोटाने खरवडला तर निघाला.

मग त्यांनी समजावलं ते इथे देते कारण हेच कोणी सांगत नाही. टाकीतून गॅस द्रवरूपात येतो, रिड्युसरमध्ये त्याची वाफ होते, वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती येते इंजिनच्या गरम कूलंटमधून. साध्या चालण्यात गॅस थोडा लागतो, भागतं. चढावर ट्रेलर ओढताना गॅस दुपटीने लागतो आणि तेवढी उष्णता मिळाली नाही की रिड्युसर गारठतो, प्रेशर पडतं, किटचा ईसीयू, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, घाबरून पेट्रोलवर जातो. आमच्यात दोन गोष्टी होत्या. रिड्युसर छोट्या गाड्यांचा बसवलेला, १६६ पीएसच्या इंजिनला पुरणारच नाही. आणि तो लावलेला रेडिएटरपेक्षा उंचावर, त्यामुळे कूलंटच्या पाइपात हवा अडकून गरम पाणी नीट फिरतच नव्हतं. मिस्त्रींनी मोठा रिड्युसर टाकला, खाली बॅटरीच्या बाजूला, पाइप बदलले, हवा काढली. काउंटरने फरकाचे ७,००० मागितले. मी म्हटलं गाडीचं इंजिन तुम्हाला पहिल्या दिवशीपासून माहिती होतं, ट्रेलर पण सांगितला होता, मग फरक माझा कसा? वाद घालून अर्ध्यावर आलं. खरं तर तेही द्यायला नको होते.

त्यानंतरचं मॅपिंग, म्हणजे कुठल्या वेगाला-ओझ्याला किती गॅस सोडायचा ते ठरवणं, मात्र बघण्यासारखं. पहिल्यांदा यांनी मॅपिंग गॅरेजातच केलं होतं, गाडी उभी ठेवून रेस देऊन. आता मिस्त्रींनी ट्रेलर भरलेला ठेवून रस्त्यावर केलं, मी चालवतेय आणि ते मांडीवर लॅपटॉप घेऊन आकडे बघतायत, "तिसऱ्यातच ठेवा, अजून दाबा, आता सोडा". चढावर फ्युएल ट्रिम (मूळ ईसीयू इंधन किती टक्के वाढवतोय तो आकडा) अधिक वीसच्या पुढे जात होता, म्हणजे मिश्रणात गॅस कमी पडतोय आणि गाडीचा मूळ ईसीयू अजून इंधन द्या म्हणून ओरडतोय. तो पाचच्या आत आणला. हे नुसतं पिकअपसाठी नाही. पेट्रोलचा ओला फवारा आत जाताना थोडा गारवा देतो, गॅस कोरडा, त्यात मिश्रण पातळ आणि वर ओझं, म्हणजे वॉल्व्ह सीट झिजणार. सीट झिजली की वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि मग हेड उघडायचा खर्च, जो किटच्या बचतीवर पाणी फिरवतो. चार हजार आरपीएमच्या वर थोडं पेट्रोल सोबत जाईल अशी सेटिंगही त्यांनी करून दिली. प्लगचा गॅप जरासा कमी केला.

त्यानंतर गायमुख गॅसवर चढते, कसारा पण चढलाय ट्रेलरसकट, तिसऱ्या गिअरमध्ये, निवांत. गॅसवर ट्रेलर लावून पाच-सव्वापाच पडतं. लिटरमागे कमीच पडणार, एका लिटर एलपीजीत पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. म्हणून हिशेब सोपा ठेवा: एलपीजीचा लिटरचा भाव पेट्रोलच्या ८० टक्क्यांना टेकला की फायदा शून्य, पाऊण पटीच्या जेवढा खाली तेवढी मजा. आणि गाडी कमी फिरत असेल तर ६२,००० वसूल व्हायला वर्षं जातील.

एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर खाली साचतो, सीएनजीसारखा वर उडून जात नाही. आमचं पार्किंग उघड्यावर आहे म्हणून ठीक, बेसमेंटवाल्यांनी विचार करा आणि वास आला तर चावी फिरवूच नका.

कागदपत्रं गॅरेजने केली, वेळ लावला पण केली. किट तुमच्या गाडीच्या सीसीला आणि बीएस (प्रदूषणाच्या) नॉर्मला अप्रूव्ह्ड आहे का ते सर्टिफिकेट बघूनच पैसे द्या, बीएस सिक्स गाड्यांना २०२२ पासून परवानगी आहे पण किट त्यासाठीचंच हवं. आरसीवर पेट्रोल/एलपीजी अशी एन्ट्री झालीच पाहिजे. विमा कंपनीला कळवणं आपलं काम, गॅरेज ते करत नाही: ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीत ६० रुपये वाढतात. आमच्या बिलावर किट ४५,००० चं दाखवलंय, म्हणजे १,८०० अधिक ६० आणि वर जीएसटी. ट्रेलर कायद्याने वेगळं वाहन, त्याची आरसी आणि विमा वेगळाच. हे काम द्यायला गेलात तर काउंटरवर वेळ घालवू नका, आतल्या मोठ्या मिस्त्रींना बोलवा आणि ट्रेलर भरून सोबत न्या.