आईचा शालू, आजीची नऊवारी की नावं भरलेली नवी साडी?

बस्त्याची यादी सुरू झाली की नवरीच्या घरात हा विषय निघतोच. मुलीला अंगावर काहीतरी आपलं, घरचं हवं असतं. कुणी म्हणतं आईचा शालू काढा, कुणाला आजीची नऊवारी कापून ब्लाऊज शिवायचा असतो, तर कुणी नव्या पैठणीच्या ब्लाऊजवर दोघांची नावं भरून घ्यायला निघतं. आमच्या सांगलीतल्या घरात गेल्या काही वर्षांत तीन लग्नं झाली आणि तिघींनी तीन वाटा धरल्या. तिन्ही वेळा सुई-दोरा घेऊन मी शेजारीच बसले होते, तेव्हा बघितलेलं सांगते.

माझं मत आधीच सांगून टाकते. कापड धडधाकट असेल तर आईचा शालू अख्खा नेसावा, पण एकाच विधीपुरता.

2019 च्या महापुरात आमच्या गावभागातल्या घरात पाणी आलं. खालच्या ट्रंकेतल्या साड्या गेल्या. जाऊबाईंचा शालू माळ्यावर होता म्हणून वाचला. पुढे पुतणीचं लग्न ठरल्यावर दुकानात जायच्या आधी तिने तोच मागितला. आम्ही तो उजेडात खिडकीशी धरला आणि पोटात गोळा आला, कारण घडीच्या रेषांवर बारीक चिरा दिसत होत्या. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की तिथेच विरतं. म्हणून पहिली परीक्षा हीच: साडी उलगडून उजेडासमोर धरा, मग दोन्ही अंगठ्यांनी घडीवर आडवा अगदी हलका ताण द्या. धागे सरकले किंवा तटतटले तर ती साडी पाटावर बसण्याचा ताण सोसणार नाही. आमच्या शालूच्या दोनच घड्या विरल्या होत्या. तिथे आतून त्याच रंगाची जाळी लावून रफू करून घेतलं आणि साडी तरली.

दुसरी परीक्षा जरीची. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचं पाणी दिलेली चांदीची तार. ती काळवंडते, पण जाणत्या माणसाकडून साफ करून घेता येते. तांब्याच्या तारेची जर एकदा हिरवट-काळी पडली की पूर्वीसारखी होत नाही. घरी चिंच किंवा टूथपेस्ट घासायच्या भानगडीत पडू नका. आणि जुनी जर वजनावर विकत घेणारे दारावर येतात त्यांना साडी देण्याआधी दहादा विचार करा. ते चांदी काढायला साडी जाळतात.

हा शालू हळदीला मात्र अजिबात नको. आपण सांगलीकर हळदीच्या गावचे, आपल्याला हे सांगायला नको, तरी सांगते: रेशमावर पडलेला हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि मग जात नाही. हळदीला सुती पिवळी साडीच बरी. आमच्याकडे अक्षतांना मामाची साडी आणि नंतर सासरचा शालू असा रिवाज आहे, त्यामुळे आईच्या शालूला सीमांतपूजन दिलं. दोन-तीन तासांचा कार्यक्रम, होमाचा धूर नाही, मागे-पुढे गर्दी नाही. पिना लावताना खाली कापडाचा छोटा तुकडा ठेवला, म्हणजे भोक मोठं होत नाही.

आजीच्या नऊवारीचं गणित वेगळं आहे. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर भरते आणि सहावारीला साडेपाच मीटर पुरतात. म्हणजे नात ती सहावारीसारखी नेसणार असेल तर पावणेतीन मीटरच्या आसपास कापड मोकळं राहतं. त्यात ब्लाऊज निघतो आणि वर अंतरपाटाला लावायला काठाची पट्टीही निघते. पण कात्री पदराकडून लावायची नाही. पदराच्या विरुद्ध टोकाने, जे कमरेला खोचलं जातं तिकडून कापायचं. भाचीच्या वेळी घाई झाली आणि शिवणाऱ्या बाईंनी साडीची शिवलेली नऊवारी करून टाकली. दिसली सुरेख, पण तिच्या मापाची झाली आणि आता ती दुसऱ्या कुणालाच नेसता येत नाही. तिच्या आईला ते अजून लागतं. अख्खी साडी पुढच्या मुलीकडे जाऊ शकते, शिवलेली जात नाही. कापायच्या आधी मोठ्यांना एकदा विचाराही. काही घरांत गेलेल्या माणसाचं वस्त्र मंगलकार्यात चालत नाही आणि ते मांडवात कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आजीचं इरकल असेल तर आणखी एक गोष्ट बघा. इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. पहिल्यांदा तो जोड तपासा. सैल झाला असेल तर नेसायचा मोह सोडा आणि पदर नव्या साध्या शेल्यावर जोडून घ्या. शेल्याला नवऱ्याच्या उपरण्याची गाठ बसते, त्या गाठीत आजीचा पदर आला याहून जवळचं काय असणार!

आता नावं भरलेली नवी साडी. ती पैशाने महाग असली तरी मनाला सोपी आहे. विरण्याची भीती नाही, रंग हवा तो मिळतो, आणि सासरच्या-माहेरच्या साड्यांत मानापमान होत नाही. आरी वर्क, म्हणजे आकडीच्या सुईचं भरतकाम करणाऱ्या मुली आता गल्लोगल्ली आहेत. काम ब्लाऊज कापायच्या आधी, कापड चौकटीवर ताणून होतं, म्हणून माप अगोदर पक्कं हवं. उसवून वाढवायला गेलं की नक्षी तुटते. नवरा-नवरीचे चेहरे पाठीवर भरून घेणं मला आवडत नाही, असा ब्लाऊज पुन्हा घातला जात नाही. तारीखही नको. दुसऱ्या पुतणीचं लग्न मे 2020 मध्ये होतं, ब्लाऊजच्या बाहीवर तारीख भरून तयार होती, लॉकडाऊन लागला आणि लग्न डिसेंबरात झालं. पोरगी ती बाही झाकत राहिली. तारीख हवीच असेल तर आतल्या अस्तरावर घ्या.

त्यापेक्षा मी अक्षर सुचवेन. आईच्या वहीत लिहिलेली एखादी ओळ किंवा आजोबांच्या पत्रातली "चि." पासूनची दोन शब्दांची हाक ट्रेसिंग पेपरवर उतरवून शेल्याच्या कोपऱ्यात भरून घ्या. छापील वळणाची नावं सगळ्यांच्या ब्लाऊजवर सारखी दिसतात, आजोबांचा ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला शब्द दुसऱ्या कुणाकडे नसतो.

येवल्याच्या विणकराकडून पदरात काही खास विणून घ्यायचं असेल तर मात्र मुहूर्ताची वाट बघू नका. हातमागावर पदरातला प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीने भरला जातो, नवीन नक्षीला आधी आलेख काढावा लागतो. वैशाखातल्या लग्नाला दिवाळीत सांगितलेलं बरं. हातात आल्यावर पदर उलटून बघा, हातमागाची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते.

थोडक्यात निवड अशी करता येईल: कापड मजबूत आणि आई जवळ असेल तर शालू, कापड थकलं पण काठ-पदर शाबूत असतील तर शेला आणि अंतरपाट, घरात जुनं काहीच उरलं नसेल, पुराने नेलं असेल, तर नवी साडी आणि त्यावर घरातल्या माणसाचं अक्षर.

आणि आजीची आवडती साडी नेमकी काळी चंद्रकळा निघाली तर? लग्नात ती चालणार नाही म्हणून हिरमुसू नका. मलमलीत गुंडाळून ठेवा, डांबर गोळ्या जरीला लागू देऊ नका. लग्नानंतरची पहिली संक्रांत तिचीच आहे, वर हलव्याचे दागिने.