पायलट आजारी पडला, फ्लाईट डायव्हर्ट झाली: हवेत पैकीच्या पैकी, जमिनीवर नापास

रेटिंग आधीच सांगून टाकते म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. कॉकपिट आणि केबिन क्रू पाचपैकी पाच. उतरल्यानंतरची ग्राउंडवरची व्यवस्था पाचपैकी एक, आणि तो एकही फक्त त्या काउंटरवर एकटीने सगळ्यांना उत्तरं देणाऱ्या मुलीसाठी. एअरलाईनचं नाव लिहीत नाहीये, तक्रार अजून चालू आहे, आणि खाली जे लिहिलंय ते तुम्ही कुठल्याही कंपनीच्या विमानात बसलात तरी उपयोगी पडेल.

तर झालं असं की टेक-ऑफ व्यवस्थित, सीटबेल्टचा दिवा बंद, खाण्याच्या ट्रॉल्या निघालेल्या, आणि आमच्या रांगेपाशी ट्रॉली आली तेवढ्यात पुढच्या गॅलीतल्या, म्हणजे विमानातल्या छोट्या किचनमधल्या, फोनचा टिंग आवाज झाला. पर्सरने, म्हणजे केबिन क्रूच्या मुख्य बाईने, आधी पायाने ट्रॉलीचा ब्रेक दाबला, मग जाऊन फोन घेतला, ऐकलं, एकच शब्द बोलली आणि ठेवला. पुढच्या मिनिटाभरात दोन्ही ट्रॉल्या मागे गेल्या, एकाने वरच्या कप्प्यातून ऑक्सिजनची बाटली काढली आणि तो पुढे गेला, धावत नाही, पण झपझप. मग अनाऊन्समेंट, विमानात कुणी डॉक्टर आहेत का. तोपर्यंत सगळ्यांना वाटलं कुणा पॅसेंजरला त्रास होतोय. मग विमान वळलं. चांगलं कळेल इतकं वळलं, डावीकडच्या खिडक्यांमधून येणारं ऊन हळूहळू सरकत उजवीकडच्या सीटांवर गेलं आणि समोरच्या स्क्रीनवरचा छोटा विमानाचा बाण भलतीकडेच तोंड करून बसला.

शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "अगं, परत चाललोय का आपण?" मी म्हटलं, "काकू, थांबा, सांगतील."

आणि खरंच सांगितलं. फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, स्वतः बोलली. कॅप्टनची तब्येत बिघडली आहे, त्यांच्याकडे डॉक्टर बघतायत, विमानात कसलाही बिघाड नाही, आपण जवळच्या विमानतळावर उतरतोय, उतरल्यावर फायर ब्रिगेडच्या गाड्या बाजूने धावताना दिसतील तर घाबरू नका, त्या अशा वेळी येतातच. बस, एवढंच. आवाज जराही हलला नाही. काही लपवलं नाही आणि उगाच जास्तीचंही काही बोलली नाही. एका मुलाचा बाप मोठ्याने म्हणाला, "म्हणजे आता एकटीच चालवतेय?" तर तिथे उभ्या असलेल्या एअरहोस्टेसने वाकून, त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "सर, त्या पूर्ण ट्रेन्ड पायलट आहेत, आजचं टेक-ऑफही त्यांनीच केलंय." तो माणूस गप्प झाला आणि आजूबाजूच्या चार रांगाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी कारण विमानात बऱ्याच जणांच्या बोलण्यावरून कळत होतं की लोकांना को-पायलट म्हणजे शिकाऊ माणूस वाटतो. अजिबात नाही. त्या विमानाचं लायसन्स दोघांकडे असतं, साधारण एक फ्लाईट एकाने तर दुसरी दुसऱ्याने असं उडवतात, आणि शेजारचा पायलट अचानक निकामी झाला तर काय करायचं हे सिम्युलेटरमधे, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमधे, ठरावीक काळाने परत परत करून घेतात. पहिलं काम विमान सांभाळणं, म्हणजे कंट्रोल आपल्याकडे घ्यायचा, ऑटोपायलट लागलाय ना बघायचं. मग केबिन क्रूला आत बोलवायचं. त्यांनाही ट्रेनिंग असतं की आजारी पायलट पुढे कंट्रोलवर कोसळू नये म्हणून त्याला मागे ओढून खांद्याचे पट्टे घट्ट लॉक करायचे, सीट मागे सरकवायची, ऑक्सिजन द्यायचा. मग रेडिओवर इमर्जन्सी सांगायची की ट्रॅफिक कंट्रोल बाकीची विमानं बाजूला करून रस्ता मोकळा करून देतो. पायलटला दोनदा बोलूनही नीट उत्तर आलं नाही तर काहीतरी गडबड आहे असं धरून चालायचं, हाही शिकवलेला नियम आहे.

हे सगळं आपोआप नाही आलं. १९७२ मधे लंडनच्या हीथ्रोवरून निघालेलं बीईए (ब्रिटिश युरोपियन एअरवेज) या कंपनीचं ट्रायडंट विमान स्टेन्सजवळ पडलं, ११८ जण गेले, एकही वाचला नाही. पोस्टमॉर्टेममधे कॅप्टनच्या हृदयाचा गंभीर आजार निघाला, आणि चौकशीत स्पष्ट म्हटलं गेलं की शेजारचा पायलट हळूहळू, न कळत निकामी होतोय हे ओळखायचं ट्रेनिंगच क्रूला नव्हतं. धाडकन कोसळलेला माणूस कुणालाही दिसतो हो, पण बसल्या जागी गडबडलेला, चुकीचा लिव्हर ओढणारा सीनिअर माणूस ओळखणं आणि त्याच्या हातातून काम काढून घेणं हे अवघड. त्यानंतर यावर जगभर खूप काम झालं आणि त्याचा फायदा आम्हाला त्या दिवशी मिळाला.

खाण्याचंही तसंच. दोन पायलटनी एकच जेवण घेऊ नये असा नियम बऱ्याच एअरलाईन पाळतात, आणि तो बरोबर आहे. १९७५ मधे जपान एअरलाईन्सच्या अलास्कावरून कोपनहेगनला जाणाऱ्या विमानात खाण्यातून विषबाधा होऊन दोनशेच्या आसपास लोक आजारी पडले होते, पायलटनी ते जेवण घेतलं नव्हतं म्हणून विमान नीट उतरलं. आमच्या कॅप्टनलाही पोटाचाच त्रास झाला असं नंतर क्रूकडून कळलं, भयंकर कळा आणि चक्कर, शुद्ध होती पण उठता येत नव्हतं. हार्ट अटॅक वगैरे लोकांच्या डोक्यात पहिलं येतं पण पायलट मधेच आजारी पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण पोट बिघडणं हेच आहे.

अर्थात दुसऱ्या टोकाच्या घटनाही झाल्यात. २०१५ मधे अमेरिकन एअरलाईन्सच्या फिनिक्स ते बोस्टन विमानात कॅप्टन वारले, फर्स्ट ऑफिसरने सिराक्यूजला विमान उतरवलं. २०२३ मधे लाटाम एअरलाईन्सच्या मायामी ते सँटियागो विमानाचे कॅप्टन, ते विमान पनामाला उतरवलं. २०२४ मधे टर्किश एअरलाईन्सच्या सिअॅटल ते इस्तंबूल विमानाचे कॅप्टन, न्यूयॉर्कला उतरवलं. तिन्ही वेळा पॅसेंजर सुखरूप. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या घरचं दुःख आहेच, पण मागे बसलेल्या शेकडो लोकांना खरचटलंही नाही, ते फक्त कॉकपिटमधे दुसरा माणूस होता म्हणून.

म्हणून ते कॉकपिटमधे एकच पायलट ठेवायचं जे बोललं जातं ना, निदान क्रूझमधे, म्हणजे विमान वर सरळ उडत असताना, एकानेच बसायचं आणि दुसऱ्याने झोपायचं, त्याला माझा ठाम विरोध आहे आणि ही फ्लाईट घेतल्यावर तर जास्तच. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने यावर अभ्यास करून घेतला आणि २०२५ मधे निष्कर्ष आला की दोन पायलट असताना जेवढी सुरक्षितता असते तेवढी यात मिळेल असं आत्ताच्या कॉकपिटमधे पुरेसं दाखवता येत नाही. तिकिटाचे पैसे वाचतील म्हणून कुणी हे गोड करून सांगत असेल तर मला नको ते स्वस्त तिकीट.

लँडिंग अप्रतिम. जरा जोरात टेकलं, ब्रेकही जोरात लागले, कारण टाकीत पुढच्या प्रवासाचं इंधन तसंच होतं आणि आमच्यासारख्या छोट्या, एकाच आईलच्या विमानांना सहसा हवेत इंधन सोडायची सोयच नसते, वजन जास्त असलं तरी तसंच उतरावं लागतं. इमर्जन्सीत ते चालतं, नंतर विमान तपासून घेतात. टाळ्या वाजल्या, पण लगेच अनाऊन्समेंट झाली की सगळ्यांनी बसून राहा, आधी कॅप्टनना उतरवायचंय, आणि विश्वास ठेवा, एकही माणूस उठला नाही. एरवी चाकं टेकल्या टेकल्या बॅगा काढणारी आपली माणसं, सगळी बसलेली. पॅरामेडिक आत आले, कॅप्टनना स्ट्रेचरवरून नेलं, त्यांनी जाताना हात थोडा वर केला. फर्स्ट ऑफिसर दारात उभी होती, शर्टाची पाठ पूर्ण भिजलेली. वीस-पंचवीस मिनिटं जे एकटीने केलं ते त्या पाठीवर दिसत होतं.

आता दुसरा भाग, ज्यासाठी एकच स्टार.

त्या विमानतळावर या कंपनीचं कुणीच नाही. एक कंत्राटी एजन्सी आणि तिची ती एक मुलगी. आम्ही कितीतरी वेळ विमानातच, कारण जिना लावायचा पण पॅसेंजर ठेवायचे कुठे हे ठरत नव्हतं. मग टर्मिनलमधे नेलं आणि तिथून पुढे शांतता. पुढचं विमान कधी, माहीत नाही. ॲपवर आमची फ्लाईट "ऑन टाईम" दाखवत होती, उतरून तास होऊन गेला तरी! हेल्पलाईनवर रेकॉर्ड केलेला आवाज. काकूंच्या गोळ्या चेक-इन बॅगेत, त्या विचारतायत बॅग मिळेल का, आणि ती मुलगी बिचारी म्हणतेय, "आजी, मलाही वरून काही कळवत नाहीयेत." शेवटी आमच्याच फ्लाईटमधल्या त्या डॉक्टरांनी मधे पडून ग्राउंडवाल्यांकडून बॅग काढून घेतली.

उशीर झाला याची माझी तक्रारच नाही, हे नीट वाचा. एकच पायलट उरला की विमान पुढे जाऊ शकत नाही, असं विमान उडवायला किमान दोन पायलट लागतातच, नवीन माणूस दुसऱ्या शहरातून आणावा लागतो, फर्स्ट ऑफिसरकडून एवढं झाल्यावर लगेच उडवून घेणंही बरोबर नाही, केबिन क्रूचेही ड्युटीचे तास संपतात, विमानाची तपासणी असते. हे सगळं मान्य. पण हे सगळं त्यांनाही पहिल्या मिनिटापासून माहीत होतं ना? मग तेव्हाच सांगायचं, बाबांनो रात्र इथेच काढावी लागेल, ही हॉटेलची यादी, हे जेवणाचं कुपन. त्याऐवजी दर अर्ध्या तासाने "लवकरच कळवतो". पायलट कोसळला तर काय, याचं उत्तर यांच्याकडे सेकंदासेकंदाचं तयार आहे, आणि त्यानंतर दीडशे-पावणेदोनशे माणसं अनोळखी विमानतळावर उतरली तर काय, याचा कागदसुद्धा नाही. एकाच कंपनीची दोन टोकं.

हॉटेल मिळालं, उशिरा रात्री, तेही लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्यांना आधी द्या म्हणून आम्ही पॅसेंजरनी भांडल्यावर.

नंतर मेल आला, "आमच्या नियंत्रणाबाहेरच्या कारणामुळे" नुकसानभरपाई लागू नाही. याबद्दल जरा माहिती काढा म्हणून सांगते. युरोपात तीन तासांच्या वर उशिराने पोचलात तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो भरपाईचा नियम आहे, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मधे टॅप पोर्तुगाल या एअरलाईनच्या केसमधे निकाल दिला की उड्डाणाआधी को-पायलट अचानक वारला तरी ती कंपनीच्या रोजच्या कामकाजातलीच जोखीम आहे, "असाधारण परिस्थिती" नाही, भरपाई द्यावी लागेल. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानेही २०२४ मधे पायलटच्या आजारपणाबद्दल असंच म्हटलं. माझ्या प्रवासाला ते नियम लागू नव्हते, पण तुमच्या तिकिटाला कुठल्या देशाचा नियम लागतो ते बघा आणि "नियंत्रणाबाहेर" हा शब्द वाचून गप्प बसू नका. बोर्डिंग पास, हॉटेल-टॅक्सीची बिलं, ॲपचे स्क्रीनशॉट सगळं जपून ठेवा, आणि गोळ्या कायम हातातल्या बॅगेत.

परत या एअरलाईनने जाईन का? विमानात बसायला हो, डोळे झाकून. पण जिथे यांचा स्वतःचा स्टाफ आहे अशाच दोन शहरांमधे, आणि पुढची कनेक्टिंग फ्लाईट वेगळ्या तिकिटावर काढून तर मुळीच नाही, कारण ती चुकली तर कुणी विचारत नाही. क्रूसाठी कौतुकाचं पत्र वेगळं पाठवलंय, नावांसकट, त्याची पोच लगेच आली. कॅप्टन बरे होऊन घरी गेले असं त्याच उत्तरात कळवलंय, हे वाचून फार बरं वाटलं. हॉटेल आणि जेवणाच्या बिलांच्या तक्रारीवर अजून काही नाही, उत्तर आलं की स्टार बदलायचे की नाही ते बघेन.