नऊ हजार सत्तेचाळीस रुपयांचं पिल्लू

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझे दीर हसले, ऑफिसातले हसले, पोलीस ठाण्यातला अंमलदारसुद्धा रजिस्टरमध्ये तोंड घालून हसला. पंचवीस रुपयांच्या कोंबडीच्या पिल्लापायी माझे ९,०४७ रुपये गेले. १९९, १,८५०, १,९९९ आणि ४,९९९. बेरीज करून बघा, बरोबर आहे. बेरीज करण्याचाच पगार घेते मी. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत सतरा वर्षं अकाउंट्सला आहे, दुसऱ्यांच्या व्हाउचरांवर लाल खुणा करते. म्हणूनच हे लिहायला तीन आठवडे गेले.

जांभळी नाक्यावर शनिवारी भाजीला गेलो होतो. टोपलीत रंगवलेली पिल्लं, हिरवी, जांभळी, गुलाबी. शंभराला चार. लेक तिसरीत आहे, तिने तिथेच फतकल मारली. अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं हॅचरीला नको असतात, बहुतेक तीच अशी रंगवून विकायला येतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. घेतली चार. कळव्याला घरी आणून मिक्सरच्या खोक्यात ठेवली, खाली वर्तमानपत्र, वर साठचा बल्ब. बल्ब लावण्याइतकी अक्कल मला आधीपासून होती, हे लक्षात ठेवा.

रविवारी संध्याकाळी गुलाबी पिल्लू, लेकीची 'गुलाबो', कोपऱ्यात पंख सोडून बसलं. डोळे मिटलेले. बाकीची तिला तुडवून पाण्याकडे जात होती आणि ती हूं की चूं करत नव्हती. उचललं तर हातात वजनच लागेना. लेकीने रडून घर डोक्यावर घेतलं. मी काय लगेच कुणा भामट्याला फोन लावला नाही. आधी तीन दवाखान्यांना लावला. एक बंद, एकाने "आम्ही कुत्री-मांजरंच बघतो" म्हणून सांगितलं, तिसऱ्याने "कोंबडी?" असं विचारून फोन ठेवला. मग पावणेअकराला मोबाईलवर 'कोंबडीच्या पिल्लाचा डॉक्टर ठाणे' असं टाकलं आणि सगळ्यात वर जो नंबर आला तो फिरवला.

सगळ्यात वर येतो तो पैसे देऊन वर आलेला असू शकतो. हे मला माहीत होतं. आमची कंपनीच अशा जाहिरातींची बिलं भरते, एंट्री मीच करते.

फोटोत गळ्यात स्टेथोस्कोप, बोलणं एकदम गोड. "ताई, घाबरू नका." तपासणीचे १९९ भरले, व्हिडिओ कॉल सुरू झाला. आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "नाक ओलं आहे की कोरडं?"

नाक. कोंबडीचं.

कुत्र्याचं नाक ओलं की कोरडं ते बघतात, एवढं आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही माहीत आहे. तिथेच फोन ठेवायला हवा होता. मी काय केलं? मोबाईलची टॉर्च लावून चोचीच्या वरची दोन बारीक भोकं निरखली आणि म्हटलं, "कोरडं वाटतंय, डॉक्टर." अजूनही रात्री दिवा मालवला की माझाच तो आवाज मला ऐकू येतो. आज्ञाधारक मुलीचा आवाज. वर सासूबाई चष्मा लावून पाठीमागून बघत होत्या आणि म्हणाल्या, "नाही गं, जरासं ओलसर आहे." दोघी मिळून कोंबडीच्या नाकावर चर्चा करत होतो!

मग म्हणाला, अंग गरम लागतंय का? लागत होतं. "ताप आहे, बल्ब बंद करा, पंखा लावा." आता ऐका. कोंबडीचं अंग मुळातच चाळीस-एक्केचाळीस डिग्रीचं असतं, आपल्या हाताला ते गरमच लागणार. आणि पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला भोवती ३२ ते ३५ डिग्री ऊब लागते, कारण त्याच्या अंगावर लव असते, पिसं नसतात. चिवचिवाट करत एकमेकांवर चढली तर थंडी वाजते आहे, चोच उघडून पंख पसरून लांब पळाली तर गरम होतंय, इतकं साधं गणित आहे. मी बल्ब बंद केला. स्वतःच्या हाताने. पैशांपेक्षा ते जास्त लागतं.

निदान केलं 'रानीखेत'. "घरात लहान मूल आहे ना, ताई? मग आजच कोर्स सुरू करा." लेकीकडे बघून मी गार पडले. रानीखेत हा विषाणूचा रोग आहे, त्यावर कोर्स बिर्स काही नसतो. लस असते, पाच-सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात थेंब टाकतात. जो माणूस रानीखेतचं औषध विकतो तो औषध विकतच नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. कोर्सचे १,८५०. रायडर निघाला. मग औषधाच्या थंड पेटीचं डिपॉझिट १,९९९, परत मिळणार म्हणे. सव्वाबारा झाले, रायडर नाही. मी आवाज चढवल्यावर लगेच नरमला, "ऑर्डर कॅन्सल करतो, ३,८४९ परत घ्या," आणि कोड पाठवला. स्कॅन केला तर स्क्रीनवर ४,९९९. विचारलं, हे काय? म्हणाला, सिस्टीम पुढच्या स्लॅबचा आकडा दाखवते, जास्तीचे तुम्ही सकाळी मला परत करा. म्हणजे मला वाटलं, माझ्याकडेच जास्त येतायत, हा बिचारा विश्वास ठेवतोय! एका हातात पिल्लू, दुसऱ्या हातात फोन, मागे हुंदके. पिन टाकला.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. हे मी गेल्या दिवाळीत आमच्या शिपायाला समजावून सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी आमच्या कामाच्या मावशी आल्या. मुरबाडकडच्या आहेत, कोंबड्यांत वाढलेल्या. त्यांनी गुलाबोला उचललं, उलटं केलं आणि म्हणाल्या, "हिचं बूड चिकटलंय की हो." विष्ठा वाळून सगळं बंद झालं होतं, सुपारीएवढा गोळा. डॉक्टरसाहेबांनी अर्धा तास व्हिडिओत बघून एकदाही 'उलटं करा' म्हटलं नव्हतं. मावशींनी कोमट पाण्याचा कापूस धरून धरून तो मऊ केला, मग हळूच सोडवला. ओढायचा नाही, कातडी निघते. चमचाभर पाण्यात चिमूट साखर घालून चोचीच्या कडेला एकेक थेंब लावला. चोच उघडून आत ओतायचं नाही, श्वासनळीत जातं. वर्तमानपत्र काढून गोणपाट घातलं, गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात. बल्ब पुन्हा लावला. पण रात्रभर पंख्याखाली राहिलेली गुलाबो दुपारी एकला गेली. त्याच दिवशी हिरव्याचंही बूड चिकटलेलं सापडलं, ते मात्र वाचलं. शून्य रुपये.

आता सरकारी पराक्रम. सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून पोलीस ठाण्यात गेले. पहिला प्रश्न, "पिल्लू कितीचं होतं?" दुसरा, "एवढ्या पैशात पन्नास कोंबड्या आल्या असत्या, मॅडम." मी म्हटलं, चोरी पिल्लाची नाही, पैशांची झालीय. तर म्हणाले हे आमच्याकडे नाही, सायबरला जा. सायबरला गेले तर रक्कम लहान आहे, आधी तुमच्या ठाण्यातून लिहून आणा. पुन्हा पहिल्या ठिकाणी, तर साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी हद्द निघाली! घर कळव्यात, खातं वागळेच्या शाखेत, मग गुन्हा घडला कुठे? माझ्या स्वयंपाकघरात घडला, ओट्याजवळ, दाखवू का येऊन? १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. हे मी घरी वाचून गेले आणि बोलून दाखवलं, तेव्हा मला "वकील आहात का?" असं विचारण्यात आलं. चारशेवीस म्हणायचीही सोय राहिली नाही, ते कलम आता ३१८ झालंय. फसवणाऱ्यांना काय फरक पडतो!

आणि या सगळ्यात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला, फोन करा, असं एकाही वर्दीने सांगितलं नाही. भाच्याने सांगितलं, सोमवारी दुपारी, पैसे जाऊन अकरा-बारा तास झाल्यावर. पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसून मी तो फोन केला. तक्रार नोंदली गेली, पण पैसे तोवर त्या खात्यातून पुढे सरकले होते. पहिल्या तासाभरात लावा. रडणं नंतर.

बँकेची आणखी वेगळी तऱ्हा. काउंटरवरच्या पोराने रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक माझ्यापुढे सरकवलं, की ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. बरोबर आहे, वाचता येतं मला. पण कळवल्याची लेखी पोच मागितली तर "सिस्टीमला पडेल" म्हणाला. सिस्टीमला पडेल! पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, माझी चाळीस मिनिटं गेली पण घेतली.

घरातले म्हणतात, सोड ना आता. नवरा तर म्हणतो, ९,०४७ मध्ये तुझा अहंकार धरला तर जास्त होतात. त्याला काय, त्या रात्री तो नाईट शिफ्टला होता. पण सांगा, रात्री अकराला ठाणे शहरात कोंबडीचं पिल्लू दाखवायचं कुठे? सकाळपर्यंत ऊब देत थांबले असते आणि परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला नेलं असतं, तिथे पक्षीही बघतात. किंवा पशुसंवर्धन खात्याच्या १९६२ वर विचारलं असतं. किंवा मावशींना फोन केला असता. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, 'मावशी काम' नावाने सेव्ह. उगाच कशाला रात्री उठवायचं, असं मला वाटलं होतं.

उरलेल्या तिघांचा रंग उडून पांढरी पिसं आलीत. काल पोलीस ठाण्यातून फोन आला, अर्ज अखेर चौकशीला घेतलाय. शनिवारी बँकेचं स्टेटमेंट, आधार कार्डाची झेरॉक्स आणि पिल्लाचा फोटो घेऊन यायचंय. फोटो रंगीत प्रिंट हवा, म्हणाले.