मार्बेयातील घरखरेदी: एका मालमत्ता एजन्सीच्या सेवेचा अनुभव

वरुड तालुक्यातील आमच्या गावी संत्र्याचा बगीचा सांभाळत मी २८ वर्षे दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर अर्जनवीस म्हणून खरेदीखते लिहिली. लंडनला राहणाऱ्या माझ्या पुतणीने आणि जावयाने स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्बेया शहरात सदनिका घेण्याचे ठरवले, तेव्हा “काकाजी, घर आम्ही पाहू, कागद तुम्ही पाहा,” असा तिचा आग्रह होता. म्हणून नोव्हेंबरमध्ये आठ दिवस मी त्यांच्यासोबत होतो. हा शोध ज्या एजन्सीमार्फत झाला तिचे नाव येथे देत नाही, मात्र तिच्या सेवेत जे चांगले आणि जे उणे आढळले ते सविस्तर लिहितो, कारण परदेशी स्थिरावलेल्या आमच्या भागातील आणखी दोन मुलांनी मला याबद्दल विचारले आहे.

मार्बेया हे मालागा प्रांतातील गाव १९५४ मध्ये राजघराण्यातील आल्फोन्सो होहेनलोहे यांनी सुरू केलेल्या हॉटेलमुळे श्रीमंतांच्या नजरेत आले आणि १९७० मध्ये पुएर्तो बानुस हे नौकांचे बंदर सुरू झाल्यावर तेथील जमिनीचे स्वरूपच बदलले. शहर आणि हे बंदर यांमधला पट्टा ‘सोनेरी मैल’ म्हणून ओळखला जातो. पाठीशी ला कोंचा हा डोंगर उत्तरेचे वारे अडवतो, त्यामुळे हिवाळा सौम्य असतो, आणि भावात या हवेचाही वाटा आहे. आम्ही पाहिलेली पहिली सदनिका नुएव्हा आंदालुसिया या गोल्फ मैदानांच्या भागात होती आणि तिची किंमत ९ लाख ५० हजार युरो, म्हणजे साडेनऊ कोटी रुपयांच्या आसपास सांगितली होती. त्या बाजारात ही रक्कम मधली समजली जाते, हे ऐकून मला काही वेळ बोलता आले नाही.

घर दाखवण्याच्या कामात एजन्सीला मी मनापासून चांगले म्हणेन. ठरलेल्या वेळी गाडी येत असे, प्रत्येक इमारतीचा मासिक देखभाल खर्च आणि वार्षिक घरपट्टी न विचारता सांगितली जाई, आणि एका घराच्या भिंतीला आलेली ओल आम्हाला दिसण्याआधी त्यांच्या प्रतिनिधी मुलीनेच दाखवली. आपल्याकडील दलाल असे क्वचितच करतो.

कागदांच्या बाबतीत मात्र निराशा झाली. स्पेनमध्ये मालमत्ता नोंदणी कार्यालयातून ‘नोटा सिंप्ले’ नावाचा उतारा मिळतो. त्यात मालकाचे नाव, घराचे वर्णन, क्षेत्रफळ आणि बँकेचा वा अन्य कोणाचा बोजा असे सर्व असते, म्हणजे सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ रकान्याचे काम तेथे हा उतारा करतो. त्याला खर्च सुमारे दहा युरो. तरीही एजन्सीचे म्हणणे असे की आधी १० हजार युरो भरून घर राखून ठेवावे, उतारा त्यानंतर आणि तोही त्यांनी सुचवलेला वकील काढेल. विक्री झाल्यावर एजन्सीला दलाली विकणाऱ्याकडून मिळते, हे लक्षात घेता घेणाऱ्याने तिने सुचवलेला वकील नेमणे मला योग्य वाटले नाही. पुतणीने रक्कम भरली, पण वकील स्वतंत्र नेमला.

मार्बेयात असा आग्रह धरणे म्हणजे कोणावर संशय घेणे नव्हे. १९९१ ते २००२ या काळात महापौर असलेल्या हेसुस गिल यांच्या आणि त्यानंतरच्या कारभारात १९८६ च्या नगर आराखड्याला डावलून हजारो घरांना परवाने दिले गेले. भ्रष्टाचाराच्या तपासानंतर २००६ मध्ये स्पेन सरकारने तेथील नगरपालिकाच बरखास्त केली. त्यातील बहुतेक घरे नियमित करण्यासाठी २०१० मध्ये नवा आराखडा झाला, तर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही रद्द ठरवला आणि १९८६ चा आराखडा पुन्हा लागू झाला. ज्या शहरात हे घडले, तेथे घर कोणत्या परवान्यावर उभे आहे हे पहिल्याच भेटीत सांगणे एजन्सीचे कर्तव्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या वकिलाने उतारा काढला तेव्हा जाहिरातीत १४८ चौरस मीटर असलेले घर नोंदीत १२१ चौरस मीटर निघाले. मधला फरक काच लावून बंदिस्त केलेल्या गच्चीचा होता आणि त्या बांधकामाचा परवाना सापडला नाही. आपल्याकडे मोजणीत धुऱ्यावरचे दोन आर कमी निघाले तरी सौदा थांबतो. येथे तर २७ चौरस मीटरचे पैसे मागितले जात होते. एजन्सीने वाद न घालता नवव्या दिवशी पूर्ण रक्कम परत केली, हे नोंदवलेच पाहिजे. परंतु हाच उतारा त्यांनी आधी काढला असता, तर कोणाचाच वेळ गेला नसता.

दुसरा दोष त्यांच्या छापील पुस्तिकेचा. पाच लाख युरोंचे घर घेतल्यास निवास परवाना मिळतो, असे तीत लिहिले होते. २०१३ मध्ये सुरू झालेली ती योजना ३ एप्रिल २०२५ रोजीच बंद झाली आहे. विचारल्यावर प्रतिनिधीने चूक मान्य केली, पण केवळ त्या ओळीवर विसंबून पैसे गुंतवणारा माणूस कोठे दाद मागणार? करांची माहिती मात्र अचूक होती: मार्बेया ज्या आंदालुसिया प्रदेशात येते तेथे जुन्या घरावर ७ टक्के हस्तांतरण कर, नव्या घरावर १० टक्के मूल्यवर्धित कर आणि शिवाय मुद्रांक शुल्क.

पाण्याचा प्रश्न मी स्वतः विचारला. आमच्या तालुक्यात बोअर खोल खोल जात राहिले आणि तरी बगीचे वाळले, त्यामुळे पोहण्याच्या तलावांनी भरलेला तो डोंगरउतार पाहून मला दुसरे काही सुचेना. उत्तर समाधानकारक मिळाले: पाणी मुख्यतः ला कोन्सेप्सिओन धरणातून येते, समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प शहरात आहे, आणि अलीकडच्या दुष्काळात तलाव भरण्यावर निर्बंध आले होते. यातले काहीही त्यांनी लपवले नाही.

पुढे याच एजन्सीमार्फत सान पेद्रो भागात दुसरे घर पसंत पडले. या वेळी पुतणीने उतारा हाती आल्याशिवाय एक युरोही भरणार नाही असे लेखी कळवले आणि तिसऱ्या दिवशी तो आला. क्षेत्रफळ जुळले, बँकेचा एक बोजा आहे, तो खरेदीखताच्या दिवशीच फेडून उतरवण्याची अट इसारपावतीत घातली आहे. तेथील ‘आर्रास’ करारात साधारण दहा टक्के इसार द्यावा लागतो, घेणारा मागे हटला तर तो बुडतो आणि विकणारा हटला तर दुप्पट परत करतो, म्हणून त्या कराराचा प्रत्येक परिच्छेद आम्ही दोनदा वाचून घेतला. सध्या मी या दुसऱ्या घराच्या गच्चीच्या मूळ परवान्याची प्रत येण्याची वाट पाहत आहे. ती आल्यावरच सह्या करायच्या, असे पुतणीने एजन्सीला कळवले आहे.