मोगरा: अंगणात की कुंडीत?

इंदूरची काळी माती पावसाळ्यात चिकट होते, उन्हाळ्यात भेगाळते. अंगणात मोगरा लावायचा तर दीड फूट खोल-रुंद खड्ड्यात निम्मी माती आणि बाकी शेणखत, जाड वाळू भरा. रोप मात्र भोवतालच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच बसवा. नाहीतर खड्ड्यात पाणी साचतं आणि मुळं कुजतात.

कुंडीत ही भीती कमी. बारा इंची कुंडी, दोन भाग माती, एक शेणखत, एक वाळू. पण मे महिन्यात गच्चीवर तिला रोज पाणी हवं. जमिनीतल्या मुरलेल्या झाडाला तीन-चार दिवसांनी पुरतं. शिवाय दर दोन वर्षांनी मुळं छाटून माती बदलावी लागते. गजऱ्यापुरती फुलं हवीत आणि अंगण आहे, तर जमीनच बरी.

छाटणी दोन्हीकडे जानेवारीअखेर, कारण कळी नव्या फुटीवर येते.

वही कुंडीवाल्यांनी तर ठेवाच. छाटणी, खत, पहिली कळी यांच्या तारखा लिहा. पान पिवळं पडलं तर नीट बघून नोंदवा: कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या, म्हणजे लोह कमी पडतंय; खालची पानं सबंध पिवळी आणि माती ओली, म्हणजे पाणी जास्त होतंय.