ऑर्लँडो की टोकियो? डिस्नेच्या एका जुन्या चाहत्याची तुलना

डिस्नेच्या उद्यानांवर आयुष्यात एकदाच एवढा खर्च करायचा, तर तो फ्लोरिडातील ऑर्लँडोला करावा की जपानमध्ये, हा प्रश्न हल्ली अनेक मराठी घरांत निघतो. ज्यांची मुले न्यू जर्सीत किंवा टेक्सासात आहेत, त्यांना ऑर्लँडो जवळजवळ ठरल्यासारखेच वाटते. मी या उद्यानांचा जुना चाहता आहे आणि ऑर्लँडोबद्दलची माझी काळजी गेली काही वर्षे वाढतच चालली आहे. तेव्हा पुढील तुलना पूर्णपणे तटस्थ नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

सुरुवात एकाच कथेवर बेतलेल्या दोन राइड्सपासून करतो. विनी द पू या अस्वलाची राइड ऑर्लँडोच्या मॅजिक किंगडममध्ये १९९९ साली आणि टोकियो डिस्नेलँडमध्ये २००० साली सुरू झाली. दोन्हींमध्ये अंतर जेमतेम सव्वा वर्षाचे. बसायला दोन्हीकडे मधाचा बुधलाच आहे. ऑर्लँडोत तो ठरलेल्या मार्गावरून एका रंगवलेल्या देखाव्यासमोरून दुसऱ्यासमोर जातो, आणि लहान मुलांना तेवढे पुरतेही. टोकियोत मात्र जमिनीवर रूळच नाहीत. बुधले मोकळ्या फरशीवरून आपापली वाट काढतात, पूच्या स्वप्नातील दालनात एकमेकांभोवती गिरक्या घेतात, आणि आपल्याबरोबर निघालेला शेजारचा बुधला भलत्याच कोपऱ्यात उभा राहून भलतेच दृश्य पाहत असतो. कथा तीच आणि काळही तोच असताना एवढा फरक पडतो, तेव्हा उणीव कल्पकतेची नसते. कल्पनेवर किती खर्च करायचा या निर्णयाची असते.

त्यामागे मालकीचे कारण आहे, असे मला वाटते. टोकियोची उद्याने डिस्नेच्या मालकीची नाहीत. ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी परवाना घेऊन आणि डिस्नेला स्वामित्वशुल्क देऊन ती चालवते. तिचा संसार मुख्यतः या दोन उद्यानांवर आणि आसपासच्या हॉटेलांवरच चालतो, त्यामुळे तिथली रंगरंगोटी आणि दुरुस्ती हा तिच्या पोटाचा प्रश्न आहे. ऑर्लँडो ही मात्र एका अवाढव्य चित्रपट कंपनीची शाखा आहे. अलीकडच्या वर्षांत या कंपनीच्या कार्यकारी नफ्यातील निम्म्याहून अधिक वाटा उद्याने आणि क्रूझ यांच्या विभागातून आलेला आहे. कमावत्या भावाच्या जिवावर घर चालावे आणि त्याच्याच सदऱ्याला ठिगळ असावे, तसे काहीसे हे झाले आहे.

त्या ठिगळाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अ‍ॅनिमल किंगडम या ऑर्लँडोतील उद्यानात आहे. एक्स्पिडिशन एव्हरेस्ट ही राइड २००६ साली सुरू झाली. तिच्या शेवटी सुमारे २५ फूट उंचीचा यांत्रिक यती गाडीवर झेप घेत असे. काही महिन्यांतच ती यंत्रणा बंद पडली, आणि तेव्हापासून यती जागचा न हलता केवळ लुकलुकत्या दिव्यांच्या झोतात दिसतो. चाहत्यांनी त्याचे नाव ‘डिस्को यती’ ठेवले आहे. ही राइड घडवणारे जो रोडी तो कधीतरी दुरुस्त करू असे म्हणत, पण २०२१ साली ते स्वतःच निवृत्त झाले. यती मात्र अजून तसाच आहे.

मोडलेले दुरुस्त न होणे ही एक बाब झाली. चांगले चाललेले काढून टाकणे ही दुसरी. १९७१ पासून मॅजिक किंगडममध्ये असलेली नदी आणि तिच्यातील चाकाची आगबोट २०२५ च्या जुलैमध्ये बंद करण्यात आली. तिथे ‘कार्स’ या चित्रपटावर आधारित विभाग येणार आहे. ऑर्लँडोच्याच एपकॉट उद्यानातील नॉर्वेची स्वतंत्र कथा असलेली नौकासफर २०१४ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी ‘फ्रोझन’ आले. नवे ते सारे वाईट असा माझा दावा नाही, पण चित्रपटाचा आधार न घेता उद्यानासाठीच रचलेली गोष्ट आता ऑर्लँडोत क्वचितच नव्याने जन्माला येते. टोकियो डिस्नेलँडमध्ये मात्र तशीच आगबोट, टॉम सॉयरचे बेट आणि फ्लोरिडातून २०२३ मध्ये गेलेली स्प्लॅश माउंटन ही राइड आजही आहेत. जुने डिस्ने पाहायचे असेल तर अमेरिकेऐवजी जपानला जावे लागावे, हे विचित्रच.

टोकियोलाही सात खून माफ नाहीत. २००१ साली उघडलेले डिस्नेसी हे उद्यान मी या मालिकेतील सर्वोत्तम मानतो. धुमसता ज्वालामुखी, त्याच्या पोटातून निघणारी सफर आणि बंदरांभोवती रचलेली सारी मांडणी थक्क करते. परंतु २०२४ च्या जूनमध्ये सुमारे ३२० अब्ज येन खर्चून तिथे जो नवा विभाग उघडला, तो संपूर्णपणे तीन चित्रपटांवर उभा आहे. कारागिरी अप्रतिम, कल्पना उसनी. शिवाय रांग टाळण्यासाठी पैसे घेण्याची रीत तिथेही २०२२ पासून आली असून एका राइडसाठी साधारण १,५०० ते २,५०० येन द्यावे लागतात. ऑर्लँडोत हीच सोय १९९९ पासून सुमारे दोन दशके मोफत होती.

खर्चाच्या बाबतीत टोकियो स्पष्टपणे स्वस्त पडते. प्रौढाचे एका दिवसाचे तिकीट ७,९०० ते १०,९०० येन आहे, तर ऑर्लँडोच्या मॅजिक किंगडमचे तिकीट गर्दीच्या दिवसांत २०० डॉलरच्या घरात जाते. टोकियोत दोन उद्यानांना तीन दिवस पुरतात आणि उरलेली सहल शहरात करता येते. ऑर्लँडोत चार उद्यानांसाठी पाच दिवस तरी हवेत. तिथे २०२५ च्या मे महिन्यात युनिव्हर्सल या प्रतिस्पर्धी कंपनीचे एपिक युनिव्हर्स हे उद्यानही उघडले आहे, त्याला एक दिवस वेगळा धरावा.

शाकाहारी कुटुंबांनी मात्र घाई करू नये. ऑर्लँडोत शाकाहारी जेवण सहज मिळते, आणि अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधील साना या उपाहारगृहात नान व नऊ प्रकारच्या चटण्यांचे ताटही मिळते. जपानमध्ये मांस नसलेल्या पदार्थातही माशाचा अर्क असू शकतो, त्यामुळे सोबत थेपले, चिवडा घेतलेला बरा. टोकियोतील राइड्समधील संवाद जपानीत असतात. मुले ते चटकन विसरतात, आजी-आजोबांना जरा जड जाते. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी २९ एप्रिल ते ५ मे हा जपानी सुट्ट्यांचा आठवडा कटाक्षाने टाळावा.

मला विचाराल तर मुंबई-पुण्याहून मुद्दाम उद्यानांसाठीच निघणाऱ्याने टोकियोला जावे आणि डिस्नेसीला दोन दिवस द्यावेत. मुले अमेरिकेत असल्याने ऑर्लँडो घडणारच असेल, तर अ‍ॅनिमल किंगडमसाठी एक पूर्ण दिवस राखावा आणि एव्हरेस्टसाठी पैसे देऊन मिळणारी रांग घेऊ नये. साध्या रांगेची वाट आधी गिर्यारोहकांच्या कचेरीतून, मग मंदिरातून, मग किराणा दुकानातून आणि शेवटी यतीच्या संग्रहालयातून जाते, आणि पैसे भरणाऱ्यांना यातले बरेचसे दिसतच नाही.